श्रद्धा कमी पडते म्हणून डिप्रेशन येतं, की विचार करायची सवयच वाईट असते?

रात्रजागर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. गेल्या सेमिस्टरपासून काहीतरी बिनसलंय. पहाटे चारला जाग येते ती येतेच, मग परत झोप नाही. एकच पान तीन तीनदा वाचते आणि डोक्यात काही शिरत नाही, मैत्रिणींचे फोन वाजून बंद होतात आणि मी बघत बसते. रक्ताच्या टेस्ट करून झाल्या, थायरॉइड वगैरे सगळं नॉर्मल. कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमनी नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, त्यात १४ आला, मध्यम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

आता खरा प्रश्न. मी लहानपणापासून रोज प्रार्थना करते, कोणाच्या धाकाने नाही, मला आवडायचं म्हणून. पूर्वी प्रार्थना झाली की मोकळं वाटायचं. आता बसते आणि एकतर रडते नाहीतर आपण ढोंग करतोय असं वाटून उठते. रूममेट अजिबात देव न मानणारी आहे, ती म्हणते तुझं सगळं ओव्हरथिंकिंग आहे, विचारांवर काम कर आणि ते देवाचं आधी बाजूला ठेव, त्यानेच तुला गिल्ट येतो. घरी आत्याला थोडंसं सांगितलं तर ती म्हणाली तुझी श्रद्धा कमी झाली म्हणून हे झालं, मनापासून कर म्हणजे जाईल. म्हणजे एकीच्या हिशोबाने माझे विचार चुकीचे आणि दुसरीच्या हिशोबाने माझी श्रद्धा चुकीची, दोन्हीकडे नापास मीच 😐

यावर कोणी काही अभ्यासलंय का? श्रद्धाळू मुलांना डिप्रेशन खरंच कमी येतं का? आणि विचार करायच्या सवयीचा आणि श्रद्धेचा एकमेकांशी काही संबंध असतो की या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत?

खडूफळा:
मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसवत नाही. आधी आकडा सांगते कारण दोन्ही बाजूचे लोक तो न बघताच भांडतात. २००३ साली स्मिथ, मॅककलो आणि पोल या तिघांनी तोवर झालेले १४७ अभ्यास एकत्र करून बघितले, मिळून जवळपास ९९ हजार माणसं. धार्मिकता जास्त तिथे डिप्रेशनची लक्षणं थोडी कमी असं निघालं खरं, पण सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने कमीजास्त होतात त्याचं माप, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) किती तर उणे ०.०९६. वर्ग केलास तर एक टक्कासुद्धा भरत नाही. म्हणजे दोन मुलींमध्ये एक जास्त दुःखी का आणि दुसरी कमी का, यातला फरक श्रद्धेच्या मापाने एक टक्काही समजत नाही. ज्यांच्यावर मोठं संकट आलेलं होतं त्यांच्यात हा संबंध जरा जास्त घट्ट दिसला, तेवढं श्रद्धेच्या बाजूने जरूर मांड.

पण त्याच अभ्यासात पुढची गोष्ट आहे आणि तुझ्या कामाची तीच आहे. धर्म हे लोकांत मान मिळावा, ओळखी व्हाव्यात यासाठीचं साधन म्हणून वापरणारे, आणि संकटात 'देव मला शिक्षा करतोय', 'देवाने मला टाकलं' असं मनात घोळवणारे, या दोन्ही गटांत लक्षणं उलट जास्त होती. पार्गामेंट नावाचे संशोधक आहेत, त्यांची चौदा वाक्यांची एक प्रश्नावली आहे, सात वाक्यं आधार देणाऱ्या श्रद्धेची आणि सात देवाशी झगड्याची. दोन्ही सातांना होकार देणारा माणूस एकच असू शकतो, हे लक्षात घे. श्रद्धा किती आहे हा प्रश्न बाजूला राहतो, तिच्यातून तुझ्या मनात कोणती वाक्यं तयार होतात हा प्रश्न पुढे येतो. आणि वाक्यं तयार होणं हा विचारांच्या सवयीचाच भाग झाला की नाही? त्यामुळे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत असं माझं मत.

अजून एक. हे सगळे सहसंबंध आहेत, कोण आधी आणि कोण नंतर ते त्यातून कळत नाही. डिप्रेशनमध्ये कशातच रस वाटेनासा होतो, हे त्याचं मुख्य लक्षण आहे, तुझा गाण्यातला रस जातो, मैत्रिणींमधला जातो, तसाच प्रार्थनेतलाही जातो. तुझ्या आत्याला जे कारण वाटतंय ते बहुतेक परिणाम आहे.

नाना_निरीश्वर:
रूममेट बरोबर बोलतेय, एवढं लांब जायची गरज नाही. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकातच सांगून ठेवलंय, माणूस घटनेने दुःखी होत नाही, घटनेबद्दलच्या 'झालंच पाहिजे', 'असायलाच हवं' या आग्रहांनी होतो. आणि आग्रह धरायला शिकवण्याचं सगळ्यात जुनं दुकान कोणतं ते मी सांगायला नको. पाप, पुण्य, शिक्षा, बक्षीस, कोणीतरी वरून सतत बघतंय. विशीतल्या पोरांच्या डोक्यात हे भरायचं आणि वर त्यांना गिल्ट का येतो म्हणून चर्चा करायच्या. सोड ते देवाचं, मोकळी होशील. मी अठराव्या वर्षी सोडलं, काही बिघडलं नाही.

खडूफळा:
नाना, एलिसचं पुढचंही सांगा की. १९८० साली त्यांनी धार्मिकता आणि भावनिक बिघाड जवळपास एकाच पारड्यात टाकले हे खरं, पण नंतर स्वतःच भूमिका मवाळ केली. नुसता धर्म असल्याने बिघडत नाही, तो कट्टरपणे आणि 'च' लावून धरला की बिघडतं, असं ते पुढे म्हणायला लागले. आणि 'च' लावायला देव लागत नाही हो. माझ्या वर्गात कशावरच विश्वास नसलेली पोरं आहेत जी 'मला पहिल्या पाचात यायलाच पाहिजे' या एका वाक्यापायी आजारी पडतात.

शिवाय १९९२ चा प्रॉप्स्ट यांचा एक छोटा अभ्यास आहे, ५९ माणसांचा, सगळी धार्मिक आणि डिप्रेशन असलेली. विचारांवर काम करणारी थेरपी त्यांना त्यांच्या धर्माच्या भाषेत दिली तर छान लागू पडली, आणि गंमत म्हणजे ती देणारे थेरपिस्ट स्वतः धार्मिक नव्हते तेव्हाही उत्तम लागू पडली. म्हणजे तुमच्यासारखा माणूससुद्धा एखाद्या श्रद्धाळू मुलीला तिच्याच भाषेत मदत करू शकतो, आधी सोड म्हणायची अट न घालता.

नाना_निरीश्वर:
बरं बाई. वाचतो. ५९ म्हणजे फार नाहीत पण.

खडूफळा:
नाहीतच. म्हणून छोटा म्हटलं. २०१५ मध्ये १३२ जणांवर परत असंच केलं, दीर्घ आजार आणि डिप्रेशन दोन्ही असलेले लोक, धर्माला धरून दिलेली थेरपी आणि साधी थेरपी, दोन्ही सारख्याच परिणामकारक निघाल्या. त्यामुळे धर्म घातला की जादू होते असंही कोणी म्हणू नये.

पहाटवारा५५:
आजकालच्या पोरांना काम नाही म्हणून हे सगळं. सकाळी पाचला उठा, पळायला जा, मोबाईल बंद करा, देवाचं नाव घ्या. आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं.

गुरुत्वमध्य:
काका, ती पहाटे चारलाच उठतेय, पहिल्या परिच्छेदात लिहिलंय. तोच तर आजार आहे. (पळायला जाणं चांगलं आहे, त्याचा उपयोग होतो हे मान्य, पण ज्याला अंथरुणातून पाय खाली टाकायला तासभर लागतो त्याला 'पळ' म्हणून काय होणार.)

रात्रजागर, मी फायनल इयरचा, माझं दीड वर्षापूर्वी असंच झालेलं म्हणून लिहितो. मी पण श्रद्धाळू आहे, अजूनही आहे. माझा घोळ तुझ्यापेक्षा वेगळा होता. मला गिल्ट वगैरे काही नव्हता, उलट मी सगळं देवावर सोडून दिलं होतं. सबमिशन, तो बघेल. अटेंडन्स कमी, तो बघेल. वरून बघणाऱ्याला वाटायचं काय शांत पोरगा आहे, आणि आतून मला काहीच करायची ताकद नव्हती आणि त्याला मी श्रद्धा म्हणत होतो. नंतर काउन्सेलरने मला सांगितलं की यावर अभ्यास झालेत, लोक देवाबरोबर अडचणी सोडवायच्या तीन तऱ्हा वापरतात. एक म्हणजे माझं मी करतो, देवाने मला डोकं दिलंय. दुसरी, सगळं त्याच्यावर, मी बसून राहतो. तिसरी, मी आणि तो मिळून, म्हणजे माझ्या हातातलं मी करतो आणि हातात नाही ते त्याच्याकडे देतो. बरं वाटण्याशी जास्त जोडलेली दिसते ती तिसरी, आणि जिथे परिस्थिती खरंच आपल्या हातात नसते, एखादा मोठा आजार वगैरे, तिथे दुसरीचाही उपयोग होतो. पण परीक्षेच्या बाबतीत दुसरी लावली की वाट लागते, माझी लागली.

मग मी काय केलं तर रोज रात्री वहीत एक ओळ माझी आणि एक ओळ त्याची. 'प्रॅक्टिकलची फाईल पाच पानं, माझं काम. सर चांगल्या मूडमध्ये असणं, तुझं काम.' ऐकायला येडेपणा वाटेल पण त्या ओळीमुळे निदान पाच पानं व्हायची. आणि पाच पानं झाली की जेवायला उठायचो. सुरुवात तिथून झाली.

रात्रजागर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गुरुत्वमध्य, तुझं वाचून हसूही आलं आणि पटलंही. माझं मात्र उलटं आहे. मी देवावर काहीच सोडत नाही, मी त्याच्यासमोर उभी राहून स्वतःलाच झापते. खडूफळा मॅडम तुम्ही म्हणालात ना कोणती वाक्यं तयार होतात ते बघ, म्हणून काल रात्री प्रार्थना झाल्यावर आठवतील तेवढी वाक्यं मोबाईलवर लिहून काढली. जशीच्या तशी टाकते, लाज वाटतेय पण ठीके:

'आजचा दिवसपण वाया घालवला. माफ कर. तू एवढं सगळं दिलंस आणि मी असं करते. इंटर्नलला ४१ मिळाले ते बरोबरच मिळाले, माझी लायकीच ती आहे. बाकीच्यांना जमतं मला का नाही जमत. मी अशीच आहे. माफ कर. उद्यापण असंच होणार. माफ कर.'

आणि हे एकदा नाही, फिरून फिरून तेच, पाऊण तास वगैरे. लिहिल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की यात मी काही मागतच नाहीये. पूर्वी मागायचे, गप्पा मारायचे, आज हे झालं ते झालं असं सांगायचे.

मोकळा_तास:
मी कॉलेजच्या मुलांबरोबर काउन्सेलिंगचं काम करते, बरीच वर्षं झाली. तुझ्या मॅडमच्या कामात ढवळाढवळ करायची नाही म्हणून निदान वगैरे काही बोलणार नाही, पण तू जे टाकलंस त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही कारण तू स्वतःच अर्ध्याहून जास्त काम केलंयस.

तुझी वाक्यं बघ. 'आजचा दिवस वाया घालवला', ही आजची गोष्ट. मग 'लायकीच ती आहे', आता गोष्ट दिवसाची राहिली नाही, तुझी झाली. 'मी अशीच आहे', म्हणजे कायमची. 'उद्यापण असंच होणार', म्हणजे पुढचंही ठरलं. चार वाक्यांत एका इंटर्नलवरून तू आख्ख्या आयुष्यावर आलीस. ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांना साठच्या दशकात पेशंटच्या बोलण्यात हेच सापडलं होतं, स्वतःबद्दल वाईट, जगाबद्दल वाईट, भविष्याबद्दल वाईट, आणि हे विचार माणूस मुद्दाम करत नाही, आपोआप येतात, इतके पटकन की ते विचार आहेत हेही कळत नाही, खरंच वाटतं. तुझ्यात जगाबद्दलचं फारसं दिसत नाही, स्वतःबद्दलचं आणि पुढचं मात्र ठासून भरलंय.

विद्यार्थ्यांवरचाच एक अभ्यास सांगते, मेटाल्स्की आणि सहकाऱ्यांचा, ऐंशीच्या दशकातला, परीक्षेच्या मार्कांवरचा. मार्क हातात पडले तेव्हा ज्यांना अपेक्षेपेक्षा कमी पडले ते सगळेच खट्टू झाले, सवय कशीही असो. पण पुढे दिवस गेल्यावर कोणाचा मूड खालीच राहिला, तर अपयशाचं कारण कायमचं आणि सगळीकडे लागू होणारं आहे असं मानायची ज्यांना आधीपासून सवय होती त्यांचा. म्हणून तुला ४१ बघून रडू आलं याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते येणारच. मला पाऊण तासाबद्दल म्हणायचंय.

तो पाऊण तास म्हणजे रवंथ. तेच तेच परत चघळणं, 'माझंच का', 'मी अशी का', आणि त्यातून उत्तर काहीच नाही. सुझन नोलन होक्सेमा यांनी आयुष्यभर यावर काम केलं. एका वेळी योगायोगच झाला, त्यांनी १३७ विद्यार्थ्यांकडून वाईट वाटल्यावर तुम्ही काय करता याचे फॉर्म भरून घेतले आणि चौदा दिवसांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. मग त्यांनी त्याच मुलांना दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी परत विचारलं. ज्यांना आधीपासून असं चघळत बसायची सवय होती त्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं जास्त होती, भूकंपाआधी ती कितपत होती ते हिशोबात धरूनसुद्धा. भूकंप सगळ्यांनी एकच बघितला होता.

आता माझं मत, पुस्तकातलं नाही, समोर बसलेल्या मुलांवरून बनलेलं. रवंथाला कुठलीही भाषा चालते. देव न मानणारा मुलगा छताकडे बघत 'मी लूजर आहे' चघळतो, मानणारी मुलगी हात जोडून 'माफ कर' चघळते. दुसरीचं बाहेरून प्रार्थनेसारखं दिसतं त्यामुळे घरचे अजून कर म्हणतात, आणि ती अजून करते आणि अजून खाली जाते, आणि मग तिला वाटतं आपली श्रद्धाच खोटी. खोटी नाही ग बाळा. सवय प्रार्थनेच्या जागेवर येऊन बसलीये.

ओळखायचं कसं, तर मी मुलांना दोनच गोष्टी विचारते. उठल्यावर हलकं वाटतं की जड? आणि उठल्यावर पुढच्या तासात एखादी तरी गोष्ट हातून होते का, अगदी आंघोळ का असेना? दोन्हीला नाही असेल तर ती वेळ कमी करायची. हो, प्रार्थना कमी कर असं मी म्हणतेय, वेळाने. दहा मिनिटांचा टायमर लाव. आणि तू स्वतःच सांगितलंस तसं, मागण्याकडे आणि गप्पांकडे परत जा. माफी मागायचीच असेल तर एकदा, नेमक्या कुठल्या गोष्टीची ते नाव घेऊन, 'आज आईचा फोन उचलला नाही, माफ कर, उद्या जेवण झाल्यावर करेन'. यात गोष्ट दिवसाएवढीच राहते, तुझ्याएवढी मोठी होत नाही. 'मी अशीच आहे' याची माफी मागता येत नाही, कारण तो कुठला अपराधच नाही.

आणि रागावली असशील तर रागाव. श्रद्धाळू मुलं देवावर चिडायला फार घाबरतात, आणि तो राग मग स्वतःवर वळवतात. ज्याच्याशी नातं आहे त्याच्यावर माणूस चिडतोच.

नाना_निरीश्वर:
हे आवडलं. मी छताकडे बघणाऱ्यांतला, म्हणून असेल. फक्त एक शंका, तुम्ही म्हणता तसं भाषा कुठलीही चालते तर मग श्रद्धेचा फायदा तरी काय राहिला?

मोकळा_तास:
फायदा असतो ना नाना. दर आठवड्याला एका ठराविक वेळी आंघोळ करून, बरे कपडे घालून कुठेतरी जायचं, तिथे चार माणसं नावाने हाक मारतात, 'दिसली नाहीस मागच्या वेळी' म्हणतात. डिप्रेशनमध्ये माणसाला हेच नेमकं मिळेनासं होतं. शिवाय आपलं दुःख निरर्थक नाही असं वाटणं, ही छोटी गोष्ट नाही. हे तुम्हाला गिर्यारोहणाच्या ग्रुपमध्येही मिळेल, नाही कोण म्हणतंय, पण ज्याला प्रार्थनेच्या ठिकाणी आयतं मिळतंय त्याला तिथून उठवून दुसरीकडे कशाला पाठवायचं?

औषधवाला_मित्र:
सगळं छान चाललंय पण एक राहिलं म्हणून मध्ये घुसतो. रात्रजागर, त्या नऊ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न असतो, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का असा. त्याला तू काय टिक केलंस ते इथे सांगू नकोस हवं तर, पण तिथे शून्य सोडून काही असेल, किंवा लाजेने शून्य टाकलं असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नकोस, मॅडमना उद्याच फोन कर. श्रद्धाळू मुलं या प्रश्नाला बऱ्याचदा खोटं शून्य टाकतात कारण असा विचार येणंच पाप वाटतं. विचार येणं हे लक्षण आहे, जसा ताप येतो.

दुसरं, १४ म्हणजे मध्यम गटाचं वरचं टोक, २७ पैकी. १५ पासून पुढचा गट चालू होतो. थेरपीनेही बरं होतं आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतील, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायच्या नसतात आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानेही बंद करायच्या नसतात. गोळी घेतली म्हणजे देवावर विश्वास नाही असंही काही नसतं, चष्मा लावताना कोणी असा विचार करतं का.

रात्रजागर:
औषधवाला मित्र, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. मी शून्यच टाकलं होतं. खरं म्हणजे 'झोपले आणि उठलेच नाही तर बरं' असं बरेचदा वाटतं, करायचं वगैरे काही नाही, पण वाटतं. हे वाचून आज दुपारी मॅडमना मेसेज केला, त्यांनी लगेच बोलावलं, आत्ता तिथूनच आले. त्यांनी बरंच विचारलं, रागावल्या नाहीत. रूममेटला पण सांगायला लावलं माझ्यासमोर. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही आणि मग म्हणाली रात्री तुला जाग आली की मला उठव, देवाशी बोल नाहीतर माझ्याशी बोल, एकटी बसू नकोस. आता उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय, मॅडम सोबत येणार आहेत. प्रार्थनेची ती वाक्यं पण दाखवली त्यांना, म्हणाल्या ही शीट मला प्रत्येक वेळी आण.

काल दहा मिनिटांचा टायमर लावला. सातव्या मिनिटाला सांगायला काही उरलंच नाही, मग रूममेटच्या मांजराबद्दल बोलले 😅

एकच प्रश्न राहिला. आत्याला काय सांगू? ती रोज विचारते मनापासून केलंस का. तिचं प्रेम आहे माझ्यावर, तिला दुखवायचं नाहीये, पण तो प्रश्न आला की पोटात गोळा येतो.

खडूफळा:
फार बरं केलंस, शाबास. आत्याशी वाद घालू नकोस, १४७ अभ्यास तर मुळीच सांगू नकोस. तिला काहीतरी करायचंय आणि तिच्या हातात तेवढंच आहे म्हणून ती तेच विचारते. तिला दुसरं काम दे. म्हण, 'आत्या, मला डॉक्टरांनी आजार सांगितलाय, उपचार सुरू झालेत. माझ्यासाठी तू प्रार्थना कर, मला सध्या जमेल तेवढीच होते. आणि रोज फोन केलास की मनापासून केलंस का ऐवजी जेवलीस का ते विचार.'

गुरुत्वमध्य:
माझ्या आईला मी जवळपास हेच सांगितलं होतं. पहिले दोन दिवस गाल फुगवून होती, मग विचारायला लागली, आणि आता दिवसातून तीनदा विचारते, त्याचं काय करायचं ते कोणी सांगा.

नाना_निरीश्वर:
त्यावर उपाय नाही. जेवत जा.